दुपारची सोबत

३ फेब्रुवारी

चि. बाळूस,
अ. उ. आ. फोनवर तू लगेच डॉक्टर होतोस, म्हणून लिहिते आहे. एक दिवसाआड डायलिसिसला जाऊन जाऊन मी कंटाळले. मशीनवरून उठले की तो दिवस नुसता पडून जातो. दुसऱ्या दिवशी जरा हुशारी वाटते न वाटते तोच पुन्हा जायची वेळ. आता हे थांबवावं म्हणते. पुढे काय होईल ते ठाऊक आहे. माझा भाऊच रोज शेवटच्या दिवसांतल्या माणसांच्या उशाशी असतो. तुझ्या वॉर्डात दुखू न देता सांभाळता, तसं मला इथे घरी हवंय. तू हो म्हणालास की मन मोकळं होईल. जेवणाची आबाळ करू नकोस.
तुझी ताई

८ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. पत्र दोनदा वाचलं. असलं काही मनात आणू नकोस. तुझं हृदय ठणठणीत आहे. डायलिसिसची वेळ बदलून घेऊ, नाहीतर सरळ माझ्याकडे ये. थकवा सगळ्यांनाच येतो. तुझे रिपोर्ट मी पुन्हा पाहिले, घाबरण्यासारखं काही नाही. तब्येतीला जप.
तुझा बाळू

१४ फेब्रुवारी

चि. बाळूस,
अ. उ. आ. शहाणाच आहेस. मला धीर दिलास आणि परस्पर माझ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून, तिला समजवा, मशीन सोडू देऊ नका, म्हणालास. त्यांनीच सांगितलं मला. पेशंटला वगळून डॉक्टरच्या कानाशी लागणाऱ्या नातेवाइकांना तू वॉर्डाबाहेर काढतोस ना? मग आता तुला कुणी काढायचं? आधी हसू आलं, मग रडू.

तुझ्या पेशंटना तू पहिल्यांदा विचारतोस, कशाची भीती वाटते. मला नाही विचारलंस. तरी सांगते. मरणाची नाही वाटत, दुपारची वाटते. कामाच्या बाई सकाळी सगळं उरकून जातात, मग घर खायला उठतं. त्या वेळी काही झालं तर हाक कुणाला मारू? माझा निर्णय झालाय. रागाव हवं तर, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. चुकलो. इथे कुणाची नळी काढायची, कुणाचं मशीन थांबवायचं ते मी ठरवतो, त्यांच्या माणसांची समजूत घालतो आणि रिकाम्या घरी येऊन तुला लिहितो. तुझ्यानंतर कुणाला लिहू ते सुचेना, म्हणून मशीन मशीन करत बसलो. त्याला मी उपचार म्हणत होतो, याची लाज वाटते.

डॉक्टरीणबाईंशी बोललो, आधीचे शब्द मागे घेतले. दम लागला, मळमळलं तर काय द्यायचं ते त्या बघतील. मी औषधांत लुडबुड करणार नाही, असं कबूल केलंय. त्यांनी विचारलं, मग तुम्ही काय करणार? म्हटलं, शेजारी बसणार.

रजा टाकली आहे. परत येण्याची तारीख दिलेली नाही. उलट टपाली काही लिहू नकोस, हे पत्र घेऊन मीच निघालोय. दुपारच्या आत पोचतो.
तुझाच,
बाळू