तिचा वेळ

४ जानेवारी

चि. बिट्टीस, अ. उ. आ.

आपला निबंध परिषदेने स्वीकारला! अपंगत्वाच्या संशोधनात काळजीचा विचार बायकांच्या नजरेतून कसा व्हावा, यावर आपण दोघी बहिणींनी लिहिलेला, दोघींच्या नावाने. आईला लगेच सांग.

एक अडचण आहे. बोलायला वीसच मिनिटं मिळतील. तुझं बोलणं सावकाश, म्हणून मी वाचावं आणि तू शेजारी बसावंस, असं अध्यक्षबाईंनी सुचवलं आहे. मी अजून होकार दिलेला नाही. तू व्यासपीठावर अडलीस तर, या विचाराने पोटात गोळा येतो. पण ही काळजी तुझी, की चारचौघांत अवघडण्याची माझी भीती, हे मला ठरवता येत नाही. तूच काय ते कळव.

तुझी,
ताई

११ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पोटातल्या गोळ्यावर ओवा घे. मी बोलणार.

निबंध निम्मा करते आहे. आधी तुझे संदर्भ उडवले, रागावू नकोस. 'काळजी दोन्ही बाजूंनी वाहते' असं पानोपानी लिहायचं आणि व्यासपीठावर मला शोभेला बसवायचं, हे कसं चालेल? तुझ्या वक्तृत्वाच्या तालमी कोणी ऐकल्या? मी चाकाच्या खुर्चीतून पळणार नाही, म्हणून मलाच धरून बसायचीस!

अट एकच. मी अडले तर माझा शब्द तू पुरवायचा नाहीस. लहानपणापासूनची खोड आहे तुझी. शेवटचं वाक्य नवं आहे, ते तुला तिथेच कळेल.

लोभ आहेच, वाढला तर घेईन.

बिट्टी

२० फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न.

तुझी धाकटी बोलली! आता पलंगावर खुशाल घोरते आहे.

सभागृह भरलेलं होतं. पाण्याचा पेला धरून मी शेजारी बसले होते. वेळ संपत आला, तेव्हा ती म्हणाली, "ताईनं मला सांभाळलं. मी ताईला..." आणि अडली. मी ओठ घट्ट मिटून घेतले. पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना राहवलं नाही. त्यांनी "दमवलं" असा शब्द पुरवला. तिने नकारार्थी मान हलवली. अध्यक्षबाईंनी घंटेवरचा हात काढून घेतला. सगळे थांबले.

मग तिने आपला शब्द काढला, "घडवलं."

टाळ्या थांबेनात. उतरताना मला म्हणाली, अट पाळलीस, शाबास. मी हसले. पण आई, खरं तुलाच सांगते, तो शब्द मला पुरवताच आला नसता.

मंगळवारी पोहोचतो. तोवर तुझी माया दोघींवर सारखी असू दे. आज तिच्यावर थोडी जास्त.

तुझी,
थोरली