शाळेच्या रानातला आपटा

आश्विन शु. ३
बुलढाण्याहून कागद आला. नागपूरच्या हुकमावरून डेप्युटीसाहेब द्वादशीला शाळेमागचं रान बघायला येणार. झाडं नीट दिसली तर ते दोन एकर निसर्गपाठासाठी कायमचे शाळेचे. नाही तर पुन्हा ई-क्लासात, म्हणजे सरकारी चराईत, गुरांच्या तोंडी. सहा वर्षं काट्यांचं कुंपण मी स्वतः घालतो आहे. आज पुन्हा घातलं. बोटं सोलली.

शु. ५
पाटील शाळेत आले. बसले नाहीत. "मास्तर, आमची यमुना घरी सांगून राह्यली का गावानं आजवर दसऱ्याले खोटं सोनं वाटलं. कांचनाचा पाला, म्हन्ते."
म्हटलं, खरं आहे. आपट्याचं पान लहान असतं. गावात आपटा उरलाच नाही.
"तुमच्या रानात तं हाये ना?"
हा पाठ पावसाळ्यात मीच घेतला, दोन्ही पानं पोरांच्या हातात देऊन. गावाच्या अडाणीपणाला हसलोही होतो. घ्या आता. रानात आपट्याचं झाड एकच, आणि साहेबांना पहिलं दाखवायचं तेच.

शु. ७
वर्गात सांगितलं, कांचनाचं पान दिलं तरी चालतं. यमुना उठून उभी. "गुरुजी, तुमीच तं म्हनले होते, ते सोनं नोहे म्हून." ओरडलो तिच्यावर. रडली. काय चुकलं तिचं? फार वाईट वाटतंय.

शु. ८
मोताळ्याच्या बाजाराला गेलो नाही, रानातच बसून राहिलो. सौ. जेवताना म्हणाली, "गावाशी भांडू नका. येक फांदी तुमीच काढून द्या."
म्हटलं, पानाला हात लावू नये, हे फळ्यावर मीच लिहिलंय.
"मंग पुसून टाका," म्हणाली, आणि भाकरी वाढली.

शु. ९
पाटलांकडे जाऊन आलो. म्हटलं, मी एकच फांदी तोडून मारुतीपुढे ठेवायची, घरटी एक पान. "मी हाव म्हन्तो," पाटील म्हणाले, "पन गावानं आयकलं पायजे ना."

शु. १०, दसरा
फांदी पुरली नाही. निम्मं गाव झालं आणि संपली. वेशीबाहेरची माणसं शेवटी उभी होती, दरवेळी असतात तशी. त्यातली एक म्हातारी म्हणाली, "राहू द्या गुरुजी, आमाले कांचनाचंच चालते. सवय हाये."
राहवलं नाही. कोयता घेऊन रानात गेलो. दुसरी फांदी वाटेतच लोकांनी ओढून घेतली. मग तिसरी. चौथी म्हातारीच्या हातात देईपर्यंत सोडली नाही. नंतर किती तोडल्या कोण जाणे. कुंपणाला कुणी हात लावला नाही. तोडलं ते सगळं मीच, पोरांच्या देखत.
संध्याकाळी गाव दारात. "सोनं घ्या गुरुजी, सोन्यासारखे राहा." ओंजळ भरून गेली. रडू आवरलं कसंबसं.

शु. ११
झाड बघून आलो. शेंडा तेवढा राहिलाय. पाटील मागून आले. रान गुरांना मोकळं व्हावं म्हणून अर्ज करणारे हेच. आज म्हणाले, "वाऱ्यानं मोडलं म्हून सांगा साहेबाले. मी लिहून देतो."
नको म्हणायला हवं होतं. कागद घेतला. रान गेलं तर पुढच्या वर्षी पोरांना काय दाखवू? पुस्तकातली चित्रं?

शु. १२, सकाळ
साहेबांची बैलांची दमणी नाल्यापाशी आली. पोरं रांगेत उभी आहेत. यमुना जवळ आली, मी ओरडल्यापासून पहिल्यांदाच बोलली.
"साहेबानं इचारलं का झाड कोनं तोडलं, तं काय सांगू?"
"पाहिलं ते सांग."
"तुमचं नाव सांगू?"
"हाव," म्हटलं. ती रांगेत जाऊन उभी राहिली. पाटलांचा कागद अजून माझ्या खिशात आहे. बैलांच्या घुंगरांचा आवाज येतोय, लिहिणं थांबवतो.