बोळं घातलंस का?

आप्पा, तुमच्या नातीला विमानं उतरवायची आहेत. चालवायची नाहीत, उतरवायची. हे समजायला मलाच आठवडा गेला, तुम्हाला तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. विमानतळावर उंचावर एक काचेची खोली असते. तिथं कानाला हेडफोन लावून बसायचं आणि आभाळातल्या एकेका वैमानिकाला सांगायचं, तू थांब, तू खाली ये, तू वळसा घेऊन ये. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होतं, आणि कोण काय म्हणाला याचा गोंधळ होऊन चालत नाही. तिनं हे सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "म्हणजे आप्पांचंच काम की गं." ती हसली. तुम्ही गेलात तेव्हा ती सहा वर्षांची होती, तुमचं काम तिला काय आठवणार! पण मला टॉवेलच्या कारखान्यातले तुम्ही दिसलात. चोवीस माग धडधडतायत, तुम्ही पाठ करून उभे, आणि मागं न बघता बोट दाखवून सांगताय की त्या कोपऱ्यातल्या मागाचा सूत नेणारा धोटा अडकणार आहे.

तिची बारावी झाली. महिनाभर घरात एकच विषय चाललाय, या कामासाठी कॉलेजात जाऊन शिकल्याचा उपयोग होतो का. पुण्याला एक खाजगी कॉलेज आहे, तीन वर्षांचा कोर्स, गुळगुळीत कागदाचं पुस्तक, त्यात निळा कोट घातलेल्या मुली खोट्या टॉवरमध्ये बसून हसतायत. तिथली एक बाई रोज फोन करते, "मॅडम, आज सांगा, सीट राहणार नाही." मी अक्कलकोट रोडच्या कारखान्यात टॉवेल तपासणारी बाई, मला मॅडम म्हणणारी जगात ती एकटीच, त्यामुळं फोन ठेववत नाही. तुमचे जावई चिंचोळीच्या कारखान्यात शिफ्टला जाता जाता "पोरगी म्हणेल तसं" एवढं म्हणून मोकळे होतात. ठरवायचं माझ्यावर येऊन पडलं. म्हणून वही घेऊन तुमच्याशी बोलायला बसले, आणि कॉलेज या विषयावर तुमच्याशी बोलायचं म्हणजे माझ्या अंगावर अजून काटा येतो.

तो दिवस मी विसरलेले नाही. माझी बारावी झालीय, टेक्स्टाइलच्या डिप्लोमाचा फॉर्म घेऊन मी कारखान्यात आलेय, आणि तुम्ही शेडच्या बाहेर सावलीला डबा खाताय. फॉर्म तेलकट हातात घेतलात, वाचल्यासारखं केलंत. "माग कॉलेजात कळत न्हाय," म्हणालात, "कानानं कळतोय. कुटला माग आजारी हाय ते पाठ फिरवून सांगता आलं पायजे. कुटलं कॉलेज शिकिवतंय त्ये?" मी म्हणाले, "पण सुपरवायझर डिप्लोमावालाच हाय की. तुमी तीस वर्षं त्याच्या हाताखाली." तुम्ही डब्याचं झाकण लावलंत. "जा घरला," एवढंच. फॉर्मवर तुमच्या अंगठ्याचा काळा डाग उमटला होता. दुसरा फॉर्म आणता आला असता, पण मी आणला नाही. तुम्ही नाही म्हणालात हे वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगता यावं म्हणून आणला नाही, हे आता कळतं. पुढच्याच महिन्यात मी त्याच कारखान्यात टॉवेल तपासायला लागले आणि तुमच्याशी कामापुरतं बोलायला लागले.

तसंही त्या शेडमध्ये बोलायला तोंड नुसतं हलवावं लागायचं. आवाजाचा उपयोगच नव्हता. ओठ हलवायचे, हातानं खुणा करायच्या, समोरच्यानं बरोबर ओळखायचं. तीच सवय घरी आली. आपल्या घरात एका टोकाहून दुसऱ्या टोकाला बिनआवाजाचं बोलणं चालायचं आणि पाहुणे खुळ्यासारखे बघत राहायचे. पोरगी दोन वर्षांची असताना माझे नुसते ओठ बघून "पाणी" ओळखायला लागली, तेव्हा तुम्ही अख्ख्या शेडला सांगत फिरलात, "लई हुशार हाय. आमच्या रक्ताची हाय." मला तुमचा राग होता तरी त्या दिवशी मीही फुगले होते.

गेल्या आठवड्यात आमच्या सुपरवायझरच्या ओळखीतून एका बाईंचा नंबर मिळाला. त्या हेच काम करतात, विमानतळावर. मी फोन लावला, स्पीकरवर ठेवला, पोरगी वही घेऊन समोर बसली. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "त्या कोर्सची काही गरज नाही. फिजिक्स आणि गणित घेऊन बीएस्सी कर, नाहीतर इंजिनिअरिंग. सरकारी परीक्षा असते. निवड झाली की काम तेच शिकवतात, पगार देऊन. डिग्री दारात शिरण्यापुरती लागते. बाकी लागतो तो कान, आवाज आणि डोकं थंड. ते कुठलं कॉलेज देत नाही." आप्पा, मला हसू आलं आणि संतापही आला. बावीस वर्षांनी, हजार किलोमीटरवरून, इंग्रजी शिकलेली एक बाई तुमचंच वाक्य मला ऐकवत होती.

पण पोरगी लिहीत नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. बाईंचं एकेक वाक्य झालं की "काय म्हणाल्या?" विचारायची, आणि मी परत सांगितलं की मग लिहायची. पहिल्यांदा वाटलं घाबरलीय. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी फोनकडे पाहिलं. फोनला ओठ नसतात. ही मैत्रिणींशी बोलते ते कायम चेहरा दिसेल असाच फोन लावून. वर्गात पहिला बाक सोडत नाही. टीव्हीला खाली अक्षरं लागतातच. अठरा वर्षं आम्ही जिला हुशारी म्हणून मिरवलं ती हुशारी नव्हती हो. पोरीला ऐकू कमी येत होतं, आणि बिनआवाजाचं बोलणाऱ्या घरात ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

परवा तिला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. या नोकरीला तपासणी असतेच, आधीच करून घेऊ, असं तिला सांगितलं. ती बाहेर बसली होती तेव्हा डॉक्टरांनी मला कागद दाखवला. दोन रेघा डावीकडून सरळ येतात आणि उजवीकडे घसरत जातात. "लहानपणी फार मोठ्या आवाजात राहिलीय का?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मशीन लावून रोजचं सगळं नीट होईल, म्हणाले, शिकेल, नोकरी करेल, पण ही नोकरी अवघड दिसते. तेवढ्यात काचेच्या दारापलीकडून तिनं नुसते ओठ हलवून विचारलं, "ठीक आहे ना?" मी तसंच, आवाज न करता सांगितलं, "ठीक आहे." तिनं दोन्ही हात वर करून नाचल्यासारखं केलं.

आता ती खूश आहे. पुण्याचं सोडलं म्हणते, इथंच बीएस्सी करते, उद्या फॉर्म भरायचा शेवटचा दिवस आहे. आणि मी, तुमची लेक, गेले दोन दिवस काय विचार करतेय ते ऐका. तिला पुण्यालाच पाठवावं. तो कोर्स करून ती नोकरीला नाकारली गेली तर म्हणता येईल, कॉलेजच भिकार होतं. जन्मभर ती त्या निळ्या कोटवाल्यांना शिव्या देईल, माझ्याकडे बघणार नाही. त्या कॉलेजाचा उपयोग होतो का? होतो आप्पा, मला होतो. तेलाच्या डागाचा झाला तसाच. एवढी खाली गेलेय मी, आणि हे सांगायला तुमच्याशिवाय कोणी नाही.

कारण एक गोष्ट तुम्हालाही माहीत नाही. ती चार महिन्यांची असताना मी कामावर परत आले, शेडच्या खांबांना झोळी बांधली. तुम्ही रोज सकाळी तिच्या कानांत घालायला स्वच्छ कापसाचे दोन बोळे करून माझ्या हातात द्यायचात. दिवसातून दहा वेळा मागांच्या पलीकडून ओठ हलवून विचारायचात, "बोळं घातलंस का?" मी मान हलवून सांगायची, घातले. बोळे घातले की ती रडायची, काढले की त्या धडधडाटात गाढ झोपायची, आणि माझे टॉवेल तपासून व्हायचे. म्हणून काढायची. पण निव्वळ तेवढ्यासाठी काढायची असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. कानानं माग कळतो म्हणून तुम्ही मला शिकू दिलं नाहीत, आणि नातीचे कान मात्र जपायला निघालात, याचा मला राग यायचा. तुम्ही पाठ फिरवलीत की मी बोळे पदराच्या टोकाला बांधून ठेवायची. ती बालवाडीत जाईपर्यंत हे चाललं.

आज सुट्टी आहे. ती ओट्यापाशी पोळ्या लाटतेय, पाठ माझ्याकडे आहे. डॉक्टरांचा कागद या वहीखाली आहे. मघाशी मी तिला हाक मारली, नेहमीच्या आवाजात, दोनदा. तिनं वळून पाहिलं नाही. मला उठून तिच्यासमोर जाऊन उभं राहावं लागेल, माझे ओठ तिला नीट दिसतील असं. अर्धा तास झाला आप्पा, मी अजून उठलेली नाही.