शनी पाहिलेल्यांचा उजवा डोळा

सोलापूर,
५ फेब्रुवारी १९७६

चि. चन्नवीर यास रुद्राणी आत्याचे आशीर्वाद.

तू खुशाल असशील, सूनबाईंचा खोकला गेला असेल आणि अहमदाबादेत तुला अजून आपल्याकडची कडक भाकरी मिळत नसेल, असं धरून चालते. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. शाळेची घंटा होते तेव्हा ते दुखत नाहीत, सुट्टीत दुखतात, म्हणजे ते सरकारी नोकरीत आहेत असं समज. क्षेमसमाचार इथे संपला. आता मी तुझ्यावर का रागावले आहे ते शांतपणे वाच.

संशोधकांनी प्रयोगशाळेत दार लावून बसू नये, शाळाशाळांतून जावं, आम्हाला आकाशात काय सापडतं ते मुलांना आणि त्यांच्या आईबापांना दाखवावं, हे तुझंच पत्र. मी ते शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. (गणिताच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना सर्दी होती, पण मी ते तुझ्या पत्राच्याच खात्यावर धरलं.) आणि मग आलास का तू? चंद्रावरची माती पोचली, तिचं काम सोडून निघता येत नाही, म्हणून तू दुर्बीण देऊन तुझ्या प्रयोगशाळेतल्या डॉ. मजमुदारांना पाठवलंस. गृहस्थ सज्जन आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार तारखेबद्दल आहे. आमच्या मुलींना शनी ग्रह दाखवायला तुम्ही दिवस निवडलात तो शनिवार, आणि त्यातही पौषातली अमावस्या. 'चंद्र नसला की आकाश काळंभोर मिळतं,' असं मजमुदार कौतुकाने सांगत होते. अरे, पंचांग ग्रहांचंच असतं ना? तुम्ही इतकी माणसं रात्रंदिवस ग्रहांत राबता, आणि एकालाही भिंतीवरचं पंचांग बघायचं सुचलं नाही?

शुक्रवारी सकाळीच पालक माझ्या दारात. पुढे सूतवाले नागप्पा. त्यांची निंगव्वा आमच्या मॅट्रिकच्या वर्गात आहे, आणि रविवारी तिला बघायला वैरागचे पाहुणे येणार होते. "बाई, पाहुनं दारात यायच्या आदल्या दिवशी पोरगी शनीच्या डोळ्याला डोळा भिडवनार व्हय? आन् तेबी अमावस्येला?" मी म्हटलं, नागप्पा, शनी तुमच्याकडे बघतो म्हणून तुम्ही वर्षानुवर्षं त्याला तेल घालता, आता एकदा आपण त्याच्याकडे बघू, फिट्टंफाट होईल. त्यांना ते पटलं नाही. मागोमाग संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब आले. त्यांना स्वतःला साडेसाती चालू आहे, त्यामुळे या विषयात ते स्वतःला तज्ज्ञ समजतात. त्यांनी निकाल दिला की आधी वडीलधारी मंडळी बघतील, काही बाधा नाही अशी खात्री झाली तरच मुली बघतील, आणि ज्यांच्या घरून नको असेल त्यांनी फक्त पडद्यावरची चित्रं बघावीत. मुलींसाठी आणलेली दुर्बीण, आणि मुली रांगेच्या शेपटाला. मी इतकी संतापले की मला मराठी सुचेना, आणि इंग्रजीत बोलले तर आबासाहेबांना ते अभिनंदन वाटतं.

मला त्या वेळी बेळगावच्या कॉन्व्हेंटमधल्या आमच्या सिस्टर अगाथा आठवल्या. लिंबाला पुठ्ठ्याचं कडं अडकवून त्यांनी आम्हाला शनी शिकवला होता. आम्ही पंचवीस-तीस मुली, कुणाच्या बापाला विचारलं नव्हतं. तास संपल्यावर त्या लिंबाचं सरबत झालं आणि सगळ्यांनी एकेक घोट शनी प्यायला. कुणाचंही लग्न त्यामुळे अडलं नाही. (माझं अडलं, पण त्याची कारणं तुझ्या आजोबांना ठाऊक होती.)

शेवटी तोडगा काढला आमच्या शिपाईणबाईंनी, ईरम्माने. म्हणाली, "दुर्बिनीची पूजा घालू की. दसऱ्याला शिलाईच्या मशिनीची घालतोच की आपण." सगळ्यांचे चेहरे सैल झाले. मी तिला एवढंच बजावलं, काचेला बोट लावायचं नाही. काठाबद्दल मी काही बोलले नव्हते.

शनिवारी संध्याकाळी सभागृहात चादर ताणून चित्रं दाखवली. मजमुदार हिंदीत सांगत, मी मराठीत. चंद्राची जमीन बघून मागून कुणीतरी विचारलं, "हितं ज्वारी यील का?" मजमुदारांनी पाणी नसल्याचं सांगितलं, तर उत्तर आलं, "मग आपल्यासारखंच हाय की." गुरूचं चित्र सगळ्यांना आवडलं. मुली प्रश्न विचारू लागल्या, अगदी सुरेख प्रश्न, तर आबासाहेबांनी उठून मजमुदारांना शाल, नारळ आणि स्वतःचं भाषण दिलं. त्यात बराच शनी वर सरकला.

मग पटांगणात, मिट्ट काळोखात, दुर्बीण. ईरम्माने तेलात कुंकू कालवून, जिथे डोळा लावायचा त्या काठाला गोल, घट्ट, मनापासून माखलं होतं. काच मात्र स्वच्छ, दिल्या शब्दाला जागून. अंधारात कुणाला काय दिसणार? पहिले आबासाहेब. "वा, कडं झकास हाय," असं म्हणून ते लगेच बाजूला झाले. मग बाकीची वडीलधारी मंडळी, आणि ती हलेनात. ज्यांना कालपर्यंत बाधेची भीती होती ते एकदा बघून पुन्हा रांगेत येऊ लागले. मजमुदारांना गुलबर्ग्याची गाडी गाठायची होती, तिथल्या शाळेला शब्द दिला होता. मुलींच्या वाट्याला क्षण-क्षण आला. मी रांग लावत होते, तेव्हा माझा नंबर सगळ्यात शेवटी.

इकडे व्हरांड्यात दिव्याखाली चहा सुरू झाला होता आणि तिथून हसू ऐकू आलं म्हणून मी गेले. चन्नू, गावातली सगळी प्रतिष्ठित मंडळी बशीतून चहा पीत उभी, आणि प्रत्येकाच्या उजव्या डोळ्याभोवती लालभडक कडं. शनीने जणू शिक्के मारून पावती दिली होती. आबासाहेब मध्यभागी उभे राहून कड्यांचं वर्णन करत होते. त्यांचा डोळा कोरडा, स्वच्छ. त्यांच्या पत्नी गोजरबाई बायकांच्या रांगेतून बघून आल्या होत्या. त्यांनी आपला लाल डोळा यजमानांवर रोखला आणि शांतपणे विचारलं, "तुमाला लांबूनच दिसलं वाटतं." आबासाहेबांचं वर्णन तिथे आटोपलं.

आणि नागप्पा? त्यांच्या दोन्ही डोळ्यांभोवती कडी. निंगव्वा चहाचा ट्रे घेऊन समोर उभी होती. पडद्यापुरतीच परवानगी होती ना तिला. तिने बापाकडे नीट पाहिलं. "अप्पा, दोन्ही डोळ्यांनी बघितलं व्हय तुमी?" नागप्पांनी चष्मा चढवला, पण चष्म्यातून कडी आणखी मोठी दिसली. मुलीने ट्रे त्यांच्याच हातात दिला आणि पटांगणाकडे चालू लागली. मजमुदार दुर्बिणीचे स्क्रू सोडत होते, टांगा फाटकाशी उभा. ते मला म्हणाले, एकापुरताच वेळ आहे, आणि तुमचा नंबर आहे. मी निंगव्वाला पुढे केलं.

तिने डोळा काठाला घट्ट लावला. मग डोळा न काढता म्हणाली, "बाई, एवढासाच हाय की हा. टिकलीएवढा. ह्याला भ्यायचं व्हय?"

तेव्हा राग आहे तो असा. पुढच्या वेळी वार विचारून ठरवायचा, मुली आधी, शाल-नारळ शेवटी. तुमच्या साहेबांना हे वाचून दाखव. कळावे, लोभ असावा.

तुझी,
रुद्राणी आत्या

ता. क. वैरागच्या पाहुण्यांना मुलगी पसंत पडली. लग्न परीक्षा झाल्यावरच, हे मी वदवून घेतलं आहे. पण नागप्पा गावभर सांगतात की ही त्या शनीचीच कृपा, आणि आता पाहुणे येण्याआधी धाकटीलाही दाखवायचा म्हणतात. माझं सगळं विज्ञान तेलात गेलं.

ता. क. दुसरा. आबासाहेबांनी कळवलं आहे की त्या दिवशी त्यांच्या डोळ्यात कचरा गेला होता. दुर्बीण पुन्हा मागवावी, आणि त्यांचा नंबर गोजरबाईंच्या नंतर ठेवला तरी चालेल. (हळद चालेल का, असं ईरम्मा विचारते आहे. नाही म्हणून सांगितलं आहे.)

ता. क. शेवटचा. मी शनी पाहिलेलाच नाही, हे तुझ्या ध्यानात आलं असेलच. मजमुदारांना पाठवू नकोस, तू ये. चंद्राची माती चार दिवस थांबेल, मला जूनमध्ये निवृत्ती आहे. तू पाच वर्षांचा असताना होटगीच्या गच्चीवर मी तुला मंगळ दाखवला होता, आठवतो? तो जंक्शनचा सिग्नल होता, हे मला दुसऱ्या दिवशी तो हिरवा झाल्यावर कळलं. पण दिव्याचा का होईना, एक ग्रह मी तुला दाखवलेला आहे. आता तुझी पाळी.