बावीस रुपयांचा उठावदार फोटो

मी, बन्सीलाल शिवराम बोरसे, वय अडुसष्ट, मूळ गाव अमळनेर तालुक्यात, राहणार डिंडोली, सुरत, पलसाण्याच्या छपाई मिलमधून निवृत्त झालेला कलर मास्टर, आज पूर्ण शुद्धीवर आहे आणि कोणी हात धरून हे लिहवून घेत नाही, असे आधी नोंदवतो. मुलगा भूपेंद्र म्हणतो, पप्पा सहा वर्षांपासून शुद्धीवर नाहीत. त्याचे कारण कलम तीनमध्ये आहे.

१. डिंडोलीचे घर पत्नी पुष्पाबाई हिचे, तिच्या पश्चात भूपेंद्रचे. ती असेपर्यंत त्याने वर मजला चढवू नये. पोस्टातली ठेव दोघांना निम्मी निम्मी.

२. छपाईच्या चौकटी आणि रबरी पट्ट्या मिलमधला सोबती दत्तू यास. माझी मोठी चौकट त्याने २००९ साली नेली. ती परत मागत नाही, पण नेली हे इथे लिहून ठेवतो.

३. आता मुख्य चीज. आपले दोन डोळे एकच वस्तू किंचित वेगवेगळी पाहतात, म्हणून ती उठावदार दिसते. मला वाटले, साडीवर फूल छापतो तसा हा उठाव छापता येईल का? दोन डोळ्यांइतक्या अंतरावरून दोन फोटो घ्यायचे, त्यांच्या केसासारख्या पट्ट्या एकाआड एक छापायच्या, वर पारदर्शक, फुगीर उभ्या रेघा, म्हणजे प्रत्येक डोळ्याला आपापलाच फोटो दिसतो. चष्मा लागत नाही. बाजारात रेघांचे तयार प्लास्टिक मिळते, पण त्यावर एक चित्र एकशे ऐंशीला पडते. मी रेघाही चौकटीनेच छापल्या. बावीस रुपये पडले!

नमुना म्हणून माझाच फोटो घेतला. म्हटले, पुढे हार घालायला उपयोगी पडेल. पहिल्या छपाईत नाक खड्ड्यात आणि कान पुढे. आम्ही ट्रान्सफर पेपरवर चित्र उलटे छापतो, कापडावर ते सुलटे उतरते. चाळीस वर्षांच्या सवयीने मी दोन्ही फोटो उलटे केले, पण पट्ट्यांचा डावा-उजवा क्रम उलटा करायला विसरलो. ही चूक पकडायला पाच महिने लागले. कलर मास्टर म्हणवून घ्यायची लाज वाटली.

४. बावीस रुपयांपर्यंत पोचायला माझा प्रॉव्हिडंट फंड आणि पुष्पाबाईच्या दोन पाटल्या गेल्या. पाटल्या तिने स्वतः काढून दिल्या. पण १९९१ साली ती कामाला होती त्या लूमचा धोटा उडून तिचा डावा डोळा गेलेला. दोन डोळ्यांची गंमत तिला कशी दिसणार, हे पाटल्या मोडून आल्यावर माझ्या ध्यानात आले. तीच म्हणाली, "मना एकच डोया शे, माले काय दिसी? तुम्ही करा." त्या लूमच्या मालकाने तेव्हा भरपाई म्हणून एक किलो घारीची मिठाई पाठवली होती. त्याच्या घराण्याला ही कृती कोणत्याही भावाने विकू नये.

५. पर्वत पाटिया भागातले व्यापारी चंचलभाई बारा लाख देतात. अट अशी की कृतीची वही आणि आजवरचे सगळे नमुने त्यांच्या ताब्यात. वर म्हणाले, "काका, देखनेवाला हिले तो फोटो कूदता है। वो निकाल दो, तीन लाख ज्यादा।" भूपेंद्र म्हणाला, "पप्पा, देऊन टाका, सारो भाव मळे छे." हा दोष काढायला मी दोन वर्षे घातली आणि गेल्या पौषात तो निघालाही. माझ्या फोटोचा जुना, कूदणारा नमुना फेकायला काढून भिंतीला टेकवला होता. पुष्पाबाई हंडा घेऊन समोरून गेली, थांबली, परत मागे आली.

"दखा! तुम्ही मान फिरावतस!"

उभे राहून तिला काहीच दिसत नव्हते. चालताना मात्र तिच्या एका डोळ्याला आधी एक फोटो दिसला, मग दुसरा. ती हंड्यासकट सहा वेळा आली-गेली. मी असा आनंदलो की मला रडू आले.

६. म्हणून कृतीचे सर्व हक्क पुष्पाबाईचे. भाव तिने ठरवावा. आधी पाटल्या करून घ्याव्यात. मात्र तो जुना नमुना सौद्यात नाही. माझ्यामागे त्याला हार घालू नये, रेघा झाकल्या जातात. दारासमोरही लावू नये, तिथे माणूस सरळ समोर येतो, आडवा जात नाही. चूल ते नळ ती दिवसातून चाळीस वेळा जाते, त्या भिंतीवर लावावा. मला तिच्याकडे वळून बघायचे आहे.

वाचून, समजून सही केली.

बन्सीलाल शिवराम बोरसे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. योगराज भिला सोनवणे, शेजारी
२. दीपक रामदास वाघ, शिक्षक

ठिकाण: डिंडोली, सुरत
दिनांक: १४ जुलै २०२४