आहेरात आलेली लाल-काळी वायर

मॅडम, आज तुम्हाला लिहायला बसले आणि आधी आठवला तो तुमचा स्वयंपाकघरातला ओटा. कॉलेजात तुम्ही आम्हाला फिजिक्स शिकवायच्या, आणि हॅम रेडिओची, म्हणजे घरच्या बिनतारी सेटवरून लांबच्या लोकांशी बोलायची, हौस असलेले आम्ही चार-पाच जण रविवारी तुमच्या घरी जमायचो. तुमचा सेट पिठाच्या डब्याशेजारी असायचा. एका रविवारी तुम्ही परातीत सेटला बॅटरी जोडायच्या नाना तऱ्हेच्या पिना ओतल्या आणि तूर निवडावी तशा निवडायला बसलात. गाडीच्या लायटरमध्ये बसते ती पिन हादऱ्यानं ढिली होते, बाद. बारीक गोल पिन करंट वाढला की तापते, बाद. मी माझ्या सेटला बॅटरीचे साधे चिमटे लावून आणले होते. त्यावर लांबलांबचे आवाज खणखणीत येत होते, म्हणून मी जरा तोऱ्यातच होते. "आयकू येऊन राह्यलं म्हणून खूश नोको होऊ," तुम्ही म्हणालात, "बोलून दाखव." मी माइकचं बटण दाबलं आणि सेट बंद! ऐकायला करंट चिमूटभर लागतो, बोलायला ओंजळभर, आणि ढिला जोड नेमका तिथेच दगा देतो. "संकटात कोनी आयकत बसत नाही पोरी, बोलाच लागते." सगळ्यांसमोर बोललात, मला फार राग आला होता.

शेवटी तुम्ही निवडलात तो लाल-काळा चपटा कनेक्टर. आतली पत्ती स्प्रिंगनं दाबून धरलेली, आणि उलटा लावू म्हटलं तरी बसत नाही. सगळ्यांनी तोच लावायचा, म्हणजे कुणाच्याही बॅटरीवर कुणाचाही सेट चालेल, हा तुमचा हट्ट. माझ्या लग्नात तर तुम्ही कमाल केलीत. बाकीच्यांच्या स्टीलच्या डब्यांमध्ये तुमचा आहेर म्हणजे हातभर लांबीची जाड वायर, एका टोकाला तो कनेक्टर, मध्ये फ्यूज, दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरच्या बॅटरीला आवळायच्या कड्या. सासूबाईंनी ती उलटीसुलटी करून पाहिली. "हे कायले दिलं वं तुह्या मॅडमनं?" मारेगावकडच्या या गावात मी सेट लावला तेव्हा हे चिडवायचे, "काहून त्या डब्ब्याशी बोलून राह्यली? मी हाओ न इथं!"

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाल्यावर बोंडअळीनं कापूस खाल्ला. ज्याच्या त्याच्या पाठीवर फवारणीचा पंप. एका दुपारी हे शेतातून आले ते धडपडतच, फवारणीचं विष अंगात भिनलेलं. तोंडाला लाळ, अंगाला घामाच्या धारा, आणि मी समोर उभी असून यांना नीट दिसत नव्हतं. आदल्या दिवसापासून लाइट नाही, फोन मेलेले, नाल्याला पूर. माझ्या सेटची बॅटरीही उतरलेली. दिरानं ट्रॅक्टर अंगणात आणला आणि तुमच्या वायरच्या कड्या बॅटरीला आवळल्या. मी कनेक्टर लावते आहे, सासूबाई रडताहेत. बटण दाबताना मी डोळे मिटून घेतले. सेट चालूच राहिला. लोहाऱ्याहून एका गृहस्थाचा आवाज आला, "बोला ताई, आयकून राह्यलो." त्यांच्याकडचा फोन चालू होता; त्यांनी ॲम्ब्युलन्स बोलावली, डॉक्टरांना फोन लावला आणि डॉक्टर सांगतील तसं मला सांगत गेले. कपडे काढा, साबणानं अंग धुवा, कुशीवर झोपवा. ॲम्ब्युलन्स नाल्यापलीकडे येऊन थांबली आणि पाणी उतरताच चौघांनी यांना बाजेवर घालून पलीकडे नेलं. हे वाचले, मॅडम. दवाखान्यातून घरी आले तेव्हा चहात साखर कमी म्हणून माझ्यावर खेकसले, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी चुलीपाशी बसून हसत सुटले.

आता दुपारचे हे आत घोरताहेत. या घोरण्याला कंटाळून मी कितीदा तरी उशी घेऊन सासूबाईंच्या खोलीत जाऊन झोपले आहे. पण अलीकडे आवाज थांबला की मलाच धस्स होतं. यांना कळलं तर डोक्यावर बसतील, म्हणून घरात कुणापाशी बोलत नाही. हे पत्र टपालात पडायचं नाही, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही: एवढं लिहीपर्यंत मी दोनदा उठून त्यांना बघून आले.