नळाआडची कुजबुज

३ फेब्रुवारी, सकाळ
बेसिनच्या नळातून रात्रभर एक थेंब टपकत होता. मोठमोठी साम्राज्यं अशाच गळतीने बुडाली असणार. त्यांचाही प्लंबर 'उद्या येतो' म्हणाला असणार. आमच्या प्लंबरचा 'उद्या' कोणत्याही कॅलेंडरात सापडत नाही.
इमारतीत पाणी दिवसातून एकदाच येतं. माणसं तीन, घरातली माळ्यावरची टाकी सहा जणांना पुरेल एवढी, तरी संध्याकाळी खडखडाट. कुठेतरी पाणी मुरतंय. संकल्प: आजपासून घरातला जलकारभार माझ्याकडे.

त्याच दिवशी, रात्री
जेवणाच्या टेबलावर पहिली सभा. मी प्रास्ताविक करत असताना मुलीने मध्येच नोकरीचा विषय काढला. लांबच्या शहरातल्या कंपनीने बोलावलंय, काय करू बाबा? मी म्हटलं, आधी तो आतला नळ घट्ट बंद करून ये. ती उठली, नळ बंद केला आणि खोलीत गेली. विषय संपला. मुलं समजूतदार असली की बापाला फार बोलावं लागत नाही.

५ फेब्रुवारी
बेसिनवर स्वरचित सूत्र चिकटवलं: बिन्दुमपि न नाशयेत्। थेंबसुद्धा वाया घालवू नये. दुपारपर्यंत खाली पेन्सिलीने भर पडली: 'दाढी करतानासुद्धा.' अक्षर मुलीचं. तीस वर्षं संस्कृत शिकवणाऱ्याच्या घरात सूत्रावर भाष्य, तेही मराठीत!
मी दाढी करताना नळ चालू असतो, हे खरं. पण तेव्हा मी विचार करत असतो. विचाराला प्रवाह लागतो.

६ फेब्रुवारी
फ्लशच्या टाकीत वाळू भरलेली बाटली ठेवली. दर खेपेला एक बाटली पाणी वाचणार. प्रत्यक्षात दर खेपेला फ्लश दोनदा ओढावा लागला. ही म्हणाली, अहो, तुमची बचत आपल्याला परवडायची नाही. बाटली काढली. तात्पुरती.

८ फेब्रुवारी
संशय बळावला. जेवणं झाली की मायलेकी भांडी घासायला आत जातात. तीन ताटं, चार वाट्या. नळ धो धो. एवढ्या वेळात हॉटेलातली भांडी निघाली असती. दाराशी गेलो, तर धार आणखी मोठी झाली. काय चाललंय, विचारलं. ही म्हणाली, कढई चिकट आहे हो. मुलगी म्हणाली, भलतीच चिकट.
आज कढई गॅसवर चढलीच नव्हती. कालचंच गरम करून जेवलो.

९ फेब्रुवारी
मुलीची अंघोळ. बादली भरून वाहतेय, आणि ती फोनवर! भाडं किती, खिडकी कुठल्या बाजूला, सोबत कोण आहे... कोणा मैत्रिणीसाठी खोली बघत असावी. परोपकार तिने माझ्याकडून घेतलाय. पण परोपकार नळ बंद ठेवूनही करता येतो, हे बाहेरून ओरडून सांगितलं. आतून धार वाढली.

१० फेब्रुवारी
निष्कर्ष: हा घातपात आहे. दोघी संगनमताने माझी मोहीम पाण्यात घालतायत. जिन्यात वरच्या मजल्यावरचे बँकवाले भेटले. त्यांना विचारलं, तुमच्याकडे पाणी पुरतं कसं? म्हणाले, आमच्याकडे नळ कमी, बोलणं जास्त. टोमणा कोणाला होता, कळलं नाही.

११ फेब्रुवारी
साम, दाम झाले. आता दंड. भांडी सुरू झाली की पाणीच तोडायचं. गच्चीवर गेलो. इमारतीच्या टाकीखाली सहा कॉक, एकावरही नाव नाही. अनुभवाच्या बळावर एक फिरवला. थोड्या वेळाने बँकवाले टॉवेलवर, डोक्यापासून पोटापर्यंत साबणाने पांढरे, आमच्या दारात. जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. ही त्यांच्यासाठी बादली भरू लागली. आमच्या नळाला पाणी होतं, त्यामुळे मोहिमेची फारच शोभा झाली.

१२ फेब्रुवारी
प्लंबरला फोन केला. म्हणाला, साहेब, गच्चीवर कशाला तडमडताय, तुमचा कॉक घरातच आहे, बाथरूमच्या दाराच्या वर. जेवण झालं. नळ सुरू झाला. स्टुलावर चढलो आणि फिरवला.
धार तुटली. घर एकदम शांत. त्या शांततेत मुलीचं अर्धं वाक्य ऐकू आलं: '...बाबांना आधी सांगितलं तर ते पुन्हा पाण्याच्या विषयावर घसरतील आणि माझं जाणं राहूनच जाईल. तिकीट रविवारचं आहे.'
मग हिचा आवाज: 'हळू बोल, पाणी गेलंय.'
मी बराच वेळ स्टुलावरच होतो. गुडघ्यामुळे.

१३ फेब्रुवारी
चहाच्या वेळी मुलीने सगळं सांगितलं. मी म्हटलं, मला केव्हाच ठाऊक होतं. ती म्हणाली, मग बोलला का नाहीत? मी म्हटलं, तुम्ही मला आधी का सांगितलं नाहीत? ही म्हणाली, सांगितलं होतं की तिने, पहिल्याच दिवशी, याच टेबलावर. तुम्ही तिला नळ बंद करायला उठवलंत.
कारभाऱ्याला प्रत्येक गोष्ट कशी लक्षात राहणार?
मग उगाच विचारलं, तिकडे पाण्याचं कसं आहे? चोवीस तास येतं, बाबा, म्हणाली. हे ती जरा हळूच म्हणाली.

१५ फेब्रुवारी, रविवार
स्टेशनवर सूचना द्यायच्या ठरवल्या होत्या. गाडी हलेपर्यंत एकही आठवली नाही. ती म्हणाली, बाबा, जेवणाच्या वेळा सांभाळा. मी म्हटलं, हो.

१८ फेब्रुवारी
संध्याकाळी टाकीत पाहिलं. अर्ध्याहून जास्त पाणी शिल्लक. मोहीम यशस्वी. हिला सांगितलं. हं, म्हणाली.
भांडी ही घासत होती, मी पुसत होतो. बारीक धारेखाली चार भांडी, केव्हाच झाली. दोघंही तिथेच उभे राहिलो.
पाणी संपेल, याची भीती मला कधीच फारशी नव्हती. भीती वाटते ती निराळीच. पोरीला तिकडे बरं वाटेल. मोकळेपणाने बोलता येईल. आणि सुट्टी मिळाली, तरी घरी यावं असं तिला वाटणार नाही.